पश्चात्ताप दगडावर कोरणारा सम्राट

सम्राट अशोकाचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे सारनाथचे चार सिंह आणि चोवीस आऱ्यांचे धम्मचक्र उभे राहते. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने हे चक्र तिरंग्यावर स्वीकारले. २६ जानेवारी १९५० रोजी सारनाथचे सिंहशीर्ष भारताची राजमुद्रा झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षेसाठी जो दिवस निवडला, तोही अशोक विजयादशमीचाच. नोटेवर, नाण्यावर, सरकारी कागदावर अशोक आहे. परंतु राजमुद्रेच्या या झळाळीत अशोकाच्या जीवनातील सर्वांत मोठी गोष्ट झाकली गेली आहे. जगाच्या इतिहासात युद्ध जिंकणारे राजे पुष्कळ झाले. विजयाचे स्तंभ उभारणारेही पुष्कळ झाले. पण जिंकलेल्या युद्धातील मृतांचा आकडा स्वतःच्याच आज्ञेने दगडावर कोरून, त्याचे आपल्याला दुःख होते असे जगाला सांगणारा राजा शोधू गेल्यास अशोकाशिवाय दुसरे नाव सहजासहजी सापडत नाही.

आज हे लिहिण्याचे कारण क्षमा हा शब्द आहे. या शब्दाविषयी आपल्या समाजाच्या मनात संशय आहे आणि तो रास्त आहे. गावात वस्तीवर हल्ला होतो, माणसे जखमी होतात, गुन्हा नोंदवला जातो. आठ दिवसांत गावची चार प्रतिष्ठित माणसे वस्तीत येतात. झाले गेले विसरा, एका गावात राहायचे आहे, मिटवून टाका, असे सांगतात. कोणी तर वर असेही ऐकवतो की तुम्ही बुद्धाला मानता, मग तुमची करुणा कुठे गेली? वकिलीच्या व्यवसायात हा संवाद मी अनेकदा ऐकला आहे. त्यानंतर साक्षीदार फितूर होतात आणि आरोपी निर्दोष सुटतात. ज्याने मारले त्याने एक शब्द कबूल करायचा नाही आणि ज्याने मार खाल्ला त्याने मात्र क्षमा करायची! बुद्धाच्या धम्मातील क्षमा ती हीच काय? दोष सोडून देणे म्हणजे दोषी सोडून देणे काय? या प्रश्नाचे उत्तर अशोकाच्या चरित्रात मिळते. म्हणून ते चरित्र या बाजूने पुन्हा एकदा वाचले पाहिजे.

साक्ष कोणाची मानायची?

अशोकाविषयी आपल्याकडे दोन प्रकारची माहिती आहे. एक ग्रंथांची आणि दुसरी शिलालेखांची. अशोकावदान आणि सिंहलद्वीपाचा महावंस हे ग्रंथ अशोकानंतर काही शतकांनी आकाराला आले. त्यांत चंडाशोकाच्या भयानक कथा आहेत. महावंस सांगतो की त्याने आपल्या ९९ भावांना ठार करून गादी मिळवली. परंतु अशोकाच्या पाचव्या शिलालेखात त्याच्या भावांच्या आणि बहिणींच्या कुटुंबांचा उल्लेख आहे. धम्ममहामात्र नावाचे अधिकारी त्यांच्याही घरी काम पाहतात, असे तो लेख सांगतो. अशोकावदानात त्याने हजारो आजीविकांची कत्तल केल्याची कथा आहे. पण बिहारमधील बराबर टेकडीत अशोकाने आजीविकांना दान दिलेल्या गुहा आजही उभ्या आहेत आणि त्यांवर अभिषेकाच्या १२ व्या आणि १९ व्या वर्षांचे लेख आहेत. मग विश्वास कशावर ठेवायचा?

ऐकीव साक्षीपेक्षा प्रत्यक्ष पुरावा श्रेष्ठ, हे कोणताही नवखा वकील सांगेल. आणि माणूस जेव्हा स्वतःच्या हिताविरुद्ध काही कबूल करतो, तेव्हा त्या कबुलीला विशेष वजन असते. चंडाशोकाच्या कथा रचणाऱ्यांचा हेतू उघड आहे. धम्मात येण्यापूर्वीचा राजा जितका काळा दाखवावा, तितका नंतरचा राजा उजळ दिसतो. शिलालेखांतला अशोक असा काळा-पांढरा नाही. तो चुकतो, शिकतो आणि पुन्हा अपुरा पडतो. म्हणूनच तो आपल्या कामाचा आहे.

कलिंगचा आकडा

चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा पुत्र असलेल्या अशोकाचा राज्याभिषेक इ. स. पूर्व २६८ च्या सुमारास झाला. त्याच्या लेखांत तत्कालीन पाच ग्रीक राजांची नावे आलेली असल्याने हा काळ बऱ्यापैकी निश्चित करता येतो. अफगाणिस्तानापासून कर्नाटकापर्यंत त्याची सत्ता होती. पूर्व किनाऱ्यावरील कलिंग, म्हणजे आजचा ओडिशा आणि लगतचा प्रदेश, तेवढा स्वतंत्र होता. अभिषेकाला आठ वर्षे झाली असता, इ. स. पूर्व २६१ च्या सुमारास, अशोकाने कलिंगवर स्वारी केली आणि तो देश जिंकला.

या युद्धाची माहिती आपल्याला पराभूतांकडून मिळालेली नाही. ती विजेत्याने दिली आहे. तेराव्या शिलालेखात अशोक सांगतो की दीड लाख माणसे तेथून धरून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट माणसे मेली. हे शब्द नीट पाहिले पाहिजेत. रणात पडलेल्यांचा आकडा देऊन तो थांबत नाही. युद्धानंतर उपासमारीने, रोगराईने, वाताहतीने जी माणसे मरतात, तीही तो आपल्या खात्यावर मांडतो. पुढे तो आणखी खोलात जातो. कलिंगमध्ये राहणारे श्रमण, ब्राह्मण, गृहस्थ, आईवडिलांची सेवा करणारे, मित्रांशी आणि दासांशी नीट वागणारे लोक होते. त्यांच्या वाट्याला जखमा, मृत्यू आणि जिवलगांचा वियोग आला. जे स्वतः वाचले, त्यांच्याही आप्तांवर संकट आले आणि तेही त्यांना आपल्याच जखमेसारखे लागले. याच्या शंभराव्या, हजाराव्या हिश्शाइतके दुःखही आता आपल्याला जड वाटते, असे तो नोंदवतो.

यालाच धम्मात सम्यक दृष्टी म्हणतात. जसे आहे तसे पाहणे. विजयाच्या नगाऱ्यात राजाला फक्त सीमा वाढलेली दिसते. अशोकाला त्या सीमेच्या आत रिकामी झालेली घरे दिसली. विशेष म्हणजे त्याने दोष कोणावर टाकला नाही. सेनापतीने अतिरेक केला, कलिंगवाल्यांनीच कुरापत काढली, राजधर्मच तसा आहे, यापैकी एकही सबब त्या लेखात नाही. कर्ता कोण, याविषयी तो संदिग्धता ठेवत नाही. हा लेख पश्चिमेला शाहबाजगढी आणि मानसेहरा येथे खरोष्ठी लिपीत कोरला गेला. कंदाहार येथे त्याचे ग्रीक भाषांतर सापडले आहे. म्हणजे परकीय राजांच्या माणसांनाही वाचता यावे अशा जागी आणि अशा भाषेत त्याने आपली कबुली लावली!

डोळे उघडायला वेळ लागतो

शाळेच्या पुस्तकात आपण असे शिकलो की अशोकाने रणभूमीवर प्रेतांचा खच पाहिला, तलवार फेकली आणि तो एका क्षणात बदलला. नाटकासाठी हे ठीक आहे. अशोक स्वतः असे सांगत नाही. लघु शिलालेखात तो म्हणतो की आपल्याला उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ झाला, पण पहिले एक वर्ष आपण फारसे प्रयत्न केले नाहीत. संघाच्या सान्निध्यात आल्यावर, वर्षाहून अधिक काळ, आपण नेटाने प्रयत्न केले. आपला धम्मातील पहिला काळ आळसात गेला, हे सम्राटाने कोरून ठेवायची काय गरज होती? गरज होती. कारण बदल म्हणजे चमत्कार नव्हे, सराव आहे, हे प्रजेला त्यातून कळते.

अभिषेकानंतर दहा वर्षांनी तो संबोधीच्या स्थळी, बुद्धगयेला गेला. पूर्वीचे राजे शिकारीसाठी विहारयात्रा काढत. त्याने धम्मयात्रा सुरू केल्या. हे सांगणाऱ्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात, सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. पहिल्या शिलालेखात राजवाड्याच्या स्वयंपाकघराचा हिशेब आहे. पूर्वी रश्शासाठी लाखो प्राणी मारले जात. हा लेख लिहिताना तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरिण, आणि हरिणही नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. दुसऱ्या कोणी राजाने हिंसा बंद केली एवढेच लिहिले असते. अशोकाने उरलेले तीन प्राणीही लपवले नाहीत.

ही सवय त्याने कुठून घेतली? राजस्थानातील बैराट येथे सापडलेल्या लेखात त्याने भिक्खू-भिक्खुणी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे सात धम्मपाठ सुचवले आहेत. त्यांपैकी एक म्हणजे असत्याविषयी तथागतांनी राहुलाला केलेला उपदेश. मज्झिम निकायात हा उपदेश आहे. त्यात तथागत लहानग्या राहुलाला आरशाचे उदाहरण देतात. शरीराने, वाणीने, मनाने काही करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तपासून पाहावे. काया-वाचेने स्वतःला किंवा दुसऱ्याला पीडा झाली असेल, तर गुरूपुढे किंवा जाणत्या सोबत्यापुढे ती उघड सांगावी आणि पुढे संयम ठेवावा. या उपदेशात शापवाणी नाही, नरकाची धमकी नाही आणि जन्मभर स्वतःला कोसत बसणेही नाही. चूक पाहा, सांगा, पुन्हा करू नका, एवढेच आहे. अशोकाचा तेरावा शिलालेख म्हणजे या उपदेशाचा राजकीय प्रयोग होय.

कलिंगनंतर १८ वर्षांनी, अभिषेकाच्या २६ व्या वर्षी, तो स्तंभलेख कोरतो तेव्हाही हाच विषय त्याच्या मनात आहे. दुसऱ्या स्तंभलेखात आपण अनेक प्रकारे चक्षुदान केले, डोळे दिले, असे तो सांगतो. तिसऱ्यात म्हणतो की माणूस आपले चांगले काम पाहतो, आपले वाईट काम त्याला दिसत नाही, आणि ते दिसणे खरोखर कठीण आहे. तरी ते पाहावे. क्रूरता, कठोरपणा, राग, अहंकार आणि मत्सर माणसाला त्या मार्गाला नेतात हे ओळखावे. १८ वर्षांच्या अनुभवानंतरचे हे शब्द आहेत. स्वतःचा दोष पाहणे सोपे असते असे तो म्हणत नाही.

दुसऱ्याला दोष देण्यापूर्वी

त्या काळी बौद्ध, जैन, आजीविक, ब्राह्मण असे अनेक पंथ एकमेकांशी भांडत होते. बाराव्या शिलालेखात अशोकाने वाणीचा संयम हा सर्व पंथांच्या वाढीचा पाया मानला आहे. आपल्या पंथाच्या प्रेमापोटी जो स्वतःच्या पंथाचा गौरव आणि दुसऱ्याची निंदा करतो, तो प्रत्यक्षात आपल्याच पंथाचे अधिक नुकसान करतो, असे तो बजावतो. दुसऱ्याचे म्हणणे ऐकावे, असा त्याचा आग्रह आहे. येथे एक बारकावा आहे. कारण नसताना निंदा करू नये आणि कारण असले तरी ती सौम्य असावी, असे तो म्हणतो. म्हणजे टीकेला बंदी नाही. बंदी आहे ती द्वेषातून येणाऱ्या दोषारोपाला. आपल्या चळवळीतील गटातटांनी हा लेख समोर ठेवून वाचला तर पुष्कळ काही साध्य होईल, हे वेगळे सांगायला नको.

कलिंगच्या लोकांना काय सांगितले?

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. भुवनेश्वरजवळ दया नदीकाठी धौली आहे. गंजाम जिल्ह्यात जौगड आहे. कलिंगच्या भूमीवरचे अशोकाचे प्रमुख शिलालेख या दोन ठिकाणी आहेत. परंतु तेथे अकरावा, बारावा आणि तेरावा हे तीन लेख नाहीत! जो पश्चात्ताप कंदाहारला ग्रीक भाषेत कोरला, तो कलिंगमध्ये कोरलेलाच नाही. त्याऐवजी तेथे दोन वेगळे लेख आहेत.

असे का? जिंकलेल्या लोकांपुढे मृतांचे आकडे मांडणे राज्यकर्त्याला धोक्याचे वाटले असेल, असा एक अर्थ निघतो. तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या जागी काय कोरले, हेही पाहिले पाहिजे. पहिला वेगळा लेख तोसली आणि समापा येथील नगर-न्यायाधिकाऱ्यांना उद्देशून आहे. सर्व माणसे आपली लेकरे आहेत असे सांगून अशोक त्यांना फटकारतो की तुम्हाला आपल्या कामाचा पूर्ण अर्थ समजलेला नाही. एखादा माणूस विनाकारण तुरुंगात पडतो किंवा छळ सोसतो आणि त्याच्यामुळे आणखी कितीतरी लोक दुःखी होतात. हे टाळायचे तर अधिकाऱ्याने मध्यम मार्गाने, निःपक्षपातीपणे वागले पाहिजे. ते कशामुळे जमत नाही? मत्सर, क्रोध, निष्ठुरता, उतावीळपणा, सरावाचा अभाव, आळस आणि थकवा. सात दोष त्याने मोजून दिले आहेत. न्याय बिघडतो तो केवळ दुष्ट हेतूने नव्हे, घाईने आणि कंटाळ्यानेही बिघडतो, हे २,२०० वर्षांपूर्वी या राजाने ओळखले होते. कोर्टाच्या आवारात आयुष्य काढलेल्या माणसाला यातील एकही दोष नवा वाटणार नाही.

केवळ उपदेश करून तो थांबला नाही. दर पाच वर्षांनी कठोर नसलेला, सौम्य स्वभावाचा अधिकारी तपासणीसाठी येईल. उज्जयिनी आणि तक्षशिला येथून तीन वर्षांच्या आत तपासणी होईल, अशी व्यवस्था लावली. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवायचा. मधल्या काळातही, ऐकणारा एकच असला तरी, वाचायचा. म्हणजे अधिकाऱ्याला दिलेली ताकीद सामान्य कलिंगवासीयाच्या कानावर पडली पाहिजे. राजाने अधिकाऱ्याला काय बजावले आहे हे प्रजेला ठाऊक असणे, याला आजच्या भाषेत उत्तरदायित्व म्हणतात.

मला या दोन लेखांचा अर्थ असा वाटतो. जगाला अशोकाने आपला पश्चात्ताप सांगितला. ज्यांचे नुकसान केले, त्यांना त्याने न्यायाची हमी दिली. तुम्ही मला क्षमा करा, असे त्याने कलिंगच्या माणसाला सांगितले नाही. झाले गेले विसरा, असेही सांगितले नाही. क्षमा हा शब्द अशोकाच्या लेखांत येतो, तो राजाच्या बाजूने येतो. सीमेवरील न जिंकलेल्या लोकांनी आपल्याला भिऊ नये, जे क्षमा करण्याजोगे असेल ते राजा क्षमा करील, असे तो दुसऱ्या वेगळ्या लेखात सांगतो. ज्याच्या हातात दंड आहे, त्याने क्षमा करायची. ज्याच्या पाठीवर वळ आहेत, त्याला क्षमेचा हुकूम द्यायचा नाही. हा क्रम उलटा केला की क्षमेची गुलामी होते.

तुरुंगाचे दार

अभिषेकानंतर तेरा वर्षांनी नेमलेल्या धम्ममहामात्रांकडे कैद्यांचे काम होते. ज्या कैद्याला लेकरे आहेत, जो पीडित आहे किंवा वृद्ध आहे, त्याला मदत देणे, बेड्या काढणे, सोडवणे हे त्यांचे कर्तव्य होते. पाचव्या स्तंभलेखात, अभिषेकाच्या २६ वर्षांत आपण २५ वेळा बंदी मुक्त केले, असे तो नोंदवतो. चौथ्या स्तंभलेखात तर त्याने व्यवहारसमता आणि दंडसमता हे दोन शब्द वापरले. खटला चालवण्यात समानता आणि शिक्षेत समानता! त्याच लेखात देहदंडाची शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली आहे. त्या मुदतीत नातेवाइकांनी अधिकाऱ्यांकडे जिवासाठी फेरविचार मागावा, नाहीतर दान-उपवासाने परलोकाची तयारी करावी.

दंडसमता या एका शब्दाचे मोल आपल्याला अधिक कळते. पुढे मनुस्मृतीने गुन्हा एकच पण वर्णाप्रमाणे शिक्षा वेगळी, असा कायदा सांगितला. अशोकानंतर सुमारे ५० वर्षांनी पुष्यमित्र शुंगाने शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याला ठार केले आणि बाबासाहेबांनी ज्याला प्रतिक्रांती म्हटले तिला सुरुवात झाली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले आणि संविधानाच्या कलम १४ ने कायद्यापुढे समानता दिली. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्याकडे कलम ७२ आणि १६१ अन्वये शिक्षा माफ करण्याचा अधिकार आहे. हे सारे अशोकाच्या लेखातून उचलले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण समतेने शिक्षा आणि सत्तेकडून क्षमा, ही वाट या भूमीला परकी नाही, एवढे निश्चित.

क्षमेची आणि अशोकाची मर्यादा

अशोकाची भक्ती करायची नसेल तर त्याच्या उणिवाही मांडल्या पाहिजेत. पश्चात्ताप झाला तरी त्याने कलिंग परत केले नाही. धरून नेलेली दीड लाख माणसे घरी सोडली, असे त्याच्या एकाही लेखात नाही. देहदंड त्याने रद्द केला नाही. तेराव्या शिलालेखातच अरण्यातील जमातींना तो समजावतो आणि त्याचबरोबर बजावतो की पश्चात्ताप झालेल्या राजाच्याही हातात सामर्थ्य आहे. जंगलात राहणाऱ्या माणसाने हे ऐकताना त्याला करुणा किती आणि धमकी किती वाटली असेल, याचा विचार आदिवासी बांधवांच्या बाजूने केला पाहिजे. आपल्या मुलानातवंडांनी नवे विजय मिळवू नयेत, मिळवलेच तर क्षमा आणि सौम्य दंड ठेवावा, असे तो लिहितो. पिढ्यांचा मोह एका शिलालेखाने संपत नाही, हे त्यालाही ठाऊक होते.

दंतकथेतही ही मर्यादा जपली गेली आहे. अशोकावदानात राजपुत्र कुणालाची कथा येते. राणी तिष्यरक्षितेच्या कपटाने त्याचे डोळे काढले जातात. आंधळा कुणाल पाटलिपुत्राला येतो, त्याच्या मनात सावत्र आईविषयी द्वेष नसतो आणि तो तिच्यासाठी दया मागतो. सम्राट मात्र क्षमा करीत नाही, तिला मृत्युदंड देतो. कथा खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवू. ज्याचे डोळे गेले त्याला स्पष्ट दिसत होते आणि डोळस राजाला रागाने दिसेनासे झाले होते, हे कथाकाराने नेमके टिपले आहे. आणि त्या कथेतही कुणालाला क्षमा करायला कोणी भाग पाडत नाही. ती त्याची स्वतःची आहे.

इ. स. पूर्व २३२ च्या सुमारास अशोकाचा मृत्यू झाला. पुढे त्याची लिपी लोक विसरले. स्तंभ उभे होते, पण कोणाला वाचता येत नव्हते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी वाचली. १९१५ साली कर्नाटकात मस्की येथे अशोक हे नाव असलेला लेख मिळाला आणि प्रियदर्शी म्हणजेच अशोक यावर शिक्कामोर्तब झाले. दोन हजार वर्षे मुका राहिलेला साक्षीदार पुन्हा बोलू लागला.

त्या साक्षीतून आपण काय घ्यायचे? द्वेष मनात साठवू नये, हे तथागतांचे सांगणे आपल्या हितासाठी आहे. द्वेष करणारा स्वतः जळतो. अत्याचार सोसलेल्या माणसाने आपल्या मनातून आग काढून टाकावी, कारण त्याला मुलांना शिकवायचे आहे, घर उभे करायचे आहे, चळवळ चालवायची आहे. पण मनातील आग काढणे आणि न्यायालयातील फिर्याद काढून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली धम्माची आहे. दुसरी बहुधा दडपणाची असते. साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून, मनात वैर न ठेवता, घडले तसे सांगणे हेही सम्यक वाचेचेच आचरण आहे.

म्हणून यापुढे कोणी वस्तीत येऊन क्षमेचा उपदेश करू लागला, तर त्याला अशोकाचा क्रम सांगा. आधी नीट पाहा, किती जखमी, किती बेघर, ते मोजा. मग आपल्या तोंडाने, आपल्या नावाने कबूल करा. सबबी सांगू नका. मग ते पुन्हा घडणार नाही अशी व्यवस्था लावा आणि ती उघड वाचून दाखवा. एवढे झाल्यावर क्षमेचे काय करायचे, ते ज्याने सोसले तो ठरवील. आणि आपल्या हाती जेव्हा सत्ता येईल, घरात, संघटनेत, कार्यालयात किंवा राज्यात, तेव्हा हाच क्रम आपणही स्वतःला लावला पाहिजे. चार सिंहांना वंदन करणे सोपे आहे. आपली चूक दगडावर कोरणे कठीण आहे. अशोकाचा वारसा सांगणाऱ्यांना या कठीण कामापासून सुटका नाही!